ओमानचे प्राध्यापक आणि आपली भाषा

१९७० साली ओमान देशात सरकारी शाळा अवघ्या तीन होत्या. मुले सुमारे ९००, मुलगी एकही नाही. १९८६ मध्ये मस्कतजवळ अल खूद येथे सुलतान काबूस विद्यापीठ उघडले, तेव्हा मुलगे-मुली दोघांनाही प्रवेश मिळाला. जाण्या-येण्याच्या वाटा मात्र वेगळ्या. शिकविणारे बहुतेक परदेशातून आले, भारतातूनही.

अशा प्राध्यापकांच्या गप्पांत पगार, सुट्टी, क्रिकेट हे यायचेच. आम्हां शिक्षकांना त्यांचा एक विषय फार जवळचा वाटतो, तो भाषेचा. विज्ञान व वैद्यक इंग्रजीत, घर अरबीत. मुलाला उत्तर येते, कागदावर उतरत नाही. आमच्या वर्गात निराळे काय आहे? घरी क्रिओल, परीक्षा इंग्रजीत, आणि मराठीचा तास तेवढा मराठीचा.

पण अरबीची काळजी करायला नको. बाजार आणि मशीद तिला सांभाळतात. मराठीला आपल्याकडे आजी सांभाळीत होती. मस्कतला राहणाऱ्या मराठी माणसाची मुलेही इंग्रजी शाळेतच जातात, परंतु सुट्टी लागली की विमानाने दोन-तीन तासांत आजोळी पोहोचतात. आपले आजोळ बोटीत बसतानाच सुटले, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली.