टोचलेला कान भरून येईपर्यंत

मागच्या लग्नसराईत आमच्या वस्तीतल्या नववीच्या एका मुलीने कानाच्या वरच्या बाजूला दुसरे छिद्र पाडून घेतले. तिसऱ्या दिवशी कान ठणकू लागला. आजीने हळद-तेल लावले, शेजारणीने आणखी काही सांगितले. आठव्या दिवशी कान सुजला आणि अंगात ताप भरला. दवाखान्यात पू काढावा लागला. मुलीची शाळा आणि आईची चार दिवसांची मजुरी बुडाली. कान बरा झाला, पण वरची कड आता चुरगळल्यासारखी दिसते. घरचे म्हणत राहिले, "कानच तर टोचला होता!"

कान टोचला म्हणजे अंगाला जखम केली, हे आपण विसरतो. कानाची पाळी मऊ मांसाची असते. ती भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. नाकपुडीला तीन-चार महिने किंवा त्याहून जास्त. कानाच्या वरच्या भागात कूर्चा असते, म्हणजे कुरकुरीत हाड. तिच्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिथली जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागते आणि पू झाला तर कानाचा आकारच बिघडू शकतो.

टोचण्याआधी

आपल्या बौद्ध घरांत कान टोचणे हा संस्कार नाही, त्याला मुहूर्त नाही. मग बाराव्या दिवसाची घाई कशाला? बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट लस मिळते; तिच्यात धनुर्वाताची लसही असते. हे तीन डोस होऊ द्या, मग कान टोचा. मोठ्या मुलांना टीडीची लस १० व्या आणि १६ व्या वर्षी असते. ती राहिली असेल तर आधी आशाताईंना विचारा.

जत्रेत असो की दुकानात, सुई नवी, बंद पाकिटातली आणि तुमच्यासमोर फोडलेली असावी. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. टोचायची गन नाकाला आणि कानाच्या वरच्या भागाला वापरू देऊ नका. ती कूर्चा चेचते. पहिला दागिना सोन्याचा किंवा सर्जिकल स्टीलचा घाला. बेन्टेक्सच्या दागिन्यात निकेल असू शकते. त्याने खाज सुटते, पाणी येते. दोरा, कडुलिंबाची काडी, झाडूची काडी छिद्रात घालू नका.

रोज काय करायचे

आधी साबणाने हात धुवा. एक पेला पाणी उकळा, त्यात पाव चमचा मीठ टाका आणि थंड होऊ द्या. स्वच्छ धुतलेले, उन्हात वाळवलेले सुती कापड त्यात भिजवून पुढून-मागून जागा पुसा. सकाळी एकदा, रात्री एकदा. खपली भिजून आपोआप सुटेल, नखाने काढू नका. नंतर जागा कोरडी करा. पाणी रोज नवे घ्या. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्याची टंचाई सोसली आहे. पण कितीही टंचाई असली तरी या कामाला एक पेला पुरतो.

आपल्या जिल्ह्यात घरोघरी कापूस हाताशी असतो. तो या जखमेला नको. त्याचे धागे दागिन्यात अडकतात. तेल, हळद, राख, शेण, चुना, टूथपेस्ट काही लावू नका. स्पिरिटने नवी कातडी भाजते. "फिरवत राहा, नाहीतर चिकटेल" असे सांगतात, तेही ऐकू नका. फिरवल्याने भरत आलेली जखम पुन्हा फाटते. जखम भरेपर्यंत दागिना काढू नका, उशीची खोळ दर दोन-तीन दिवसांनी बदला, त्या कुशीवर झोपू नका. नदी-विहिरीत डुबकी नको.

वेचणीला किंवा निंदणीला जाणाऱ्या बायांनी डोक्याचा रुमाल रोज धुवावा आणि घामाने भिजलेला कान घरी आल्यावर पुसून घ्यावा. फवारणीच्या दिवसांत तर हात धुतल्याशिवाय कानाला लावूच नका. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात माणसे गेली. उघड्या जखमेतून औषध अंगात लवकर शिरते.

कुणी जास्त जपावे

विदर्भात आदिवासी बांधवांबरोबर आपल्या समाजातही सिकलसेल बऱ्याच घरांत आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे साधा पूसुद्धा रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो. घरात कुणाला सिकलसेल असेल तर लेकराची तपासणी आधी करा, आणि रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. शुगर असणाऱ्यांनीही विचारावे. जुन्या जखमेवर टणक गाठ वाढण्याची सवय ज्यांच्या अंगाला आहे, त्यांनी कानाच्या वरच्या भागाच्या वाटेला जाऊ नये.

दवाखान्यात कधी जायचे

पहिले काही दिवस थोडी सूज, थोडे दुखणे आणि फिकट खपली हे चालते. पण सूज वाढत गेली, पिवळा-हिरवा पू आला, ताप आला, दागिन्याची मळसूत्री मांसात रुतली किंवा कानाची वरची कड ठणकू लागली, तर त्याच दिवशी जा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. बोट लावून पाहा, जागा शेजारच्यापेक्षा गरम आणि ताणलेली लागते का. पू असताना दागिना स्वतः काढू नका, छिद्र बुजून पू आत कोंडतो. जबडा आखडला, तोंड उघडेना, तर एक मिनिट थांबू नका.

१५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालयात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पैशाच्या भीतीने घरगुती औषधावर दिवस काढू नका.

आणि लग्नासाठी टोचायचे असेल तर तारखेपासून मागे दोन महिने मोजा, आणि पाळीच टोचा. हळदीच्या आदल्या दिवशी टोचलेला कान लग्नात हमखास ठणकतो.