जुन्या लॉन मोअरचे खरे नाव कसे ओळखावे?

जुन्या यंत्रांच्या धंद्यात मालाचे खरे नाव हीच निम्मी किंमत असते. नाव कळले नाही तर चांगले यंत्र भंगाराच्या भावाने वजनावर जाते. खोटे नाव सांगून विकले तर गिऱ्हाईक कायमचे तुटते. हिरवळीचे गवत कापणारे जुने इंग्रजी यंत्र, म्हणजे लॉन मोअर, असे हाती आले तर काय पाहावे, ते आम्ही येथे सांगत आहोत. इंग्लंडमध्ये या यंत्रांचे हौशी संग्राहक आहेत, साउथपोर्ट येथे संग्रहालयही आहे.

हे यंत्र एका कारागिराच्या डोक्यातून निघाले. स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग याने कापडावरची लव कातरणारे गिरणीतील यंत्र पाहिले आणि तीच फिरती पाती गवताला लावली. १८३० साली त्याला पेटंट मिळाले. इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने १८३२ पासून परवान्याने ही यंत्रे बनविली.

प्रथम बांधणी पाहावी. दोन्ही बाजूंना मोठी चाके आणि मध्ये पाती असेल तर ते बाजूचाकी यंत्र. मागे रूळ असेल तर रूळाचे यंत्र. नंतर पात्यांना गती दातेरी चाकांनी मिळते की साखळीने, ते पाहावे. लीड्सच्या थॉमस ग्रीन यांनी १८५९ साली ‘सायलेन्स मेसर’ हे साखळीचे यंत्र काढले. माप घेताना पूर्ण सांगाड्याची रुंदी घेऊ नये. फिरत्या पात्याची लांबी इंचांत मोजावी, कारण कंपन्या तेच माप देत.

मग अक्षरे शोधावीत. ती बिडाच्या बाजूच्या पाख्यांवर, दांड्यावर किंवा गवताच्या पेटीवर असतात. येथे तीन ठिकाणी फसगत होते. पितळी पट्टीवरचे नाव पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाचे असते. सुट्या भागावर ओतलेला आकडा त्या भागाचा असतो, मॉडेलचा नव्हे. आणि इंजिनावरचे नाव इंजिनवाल्याचे असते. बर्मिंगहॅमच्या पहिल्या ॲटको यंत्रावर (१९२१) व्हिलियर्सचे इंजिन होते, म्हणून त्या यंत्राला कोणी ‘व्हिलियर्स मोअर’ म्हणू नये.

काळ ठरविण्यास आकडे मदत करतात. इंग्लंडमध्ये १९१५ पर्यंत पेटंटचे क्रमांक दर वर्षी नव्याने सुरू होत. १९१६ पासून ते १,००,००१ पासून सलग चालू झाले. म्हणून सहा आकडी पेटंट असलेले यंत्र १९१६ च्या आधीचे असू शकत नाही. ‘आरडी’ अक्षरांपुढील नोंदणी क्रमांकांची मालिका १८८४ पासूनची आहे. मात्र हे आकडे नोंदणीचा काळ सांगतात. यंत्र त्यानंतर पुष्कळ वर्षांनीही बनलेले असू शकते. कंपनीचे पूर्ण नावही वाचावे. ‘रॅन्सम्स, सिम्स अँड जेफ्रीज’ असे असेल तर यंत्र १८८४ नंतरचे.

एकच नाव अनेक वर्षे चालते, हेही ध्यानात ठेवावे. रॅन्सम्सचे ‘ऑटोमॅटन’ १८६७ चे, पण पुढे ‘न्यू ऑटोमॅटन’ही आले. त्यामुळे नुसत्या नावावरून सन सांगणे धोक्याचे.

कारागीर बंधूंना आमची कळकळीची विनंती आहे, की यंत्र येताच त्याला वाळूकागद किंवा नवा रंग लावू नये. रंगाखालच्या फिकट चित्राक्षरांत नाव असते आणि ते एकदा खरवडले की परत येत नाही. आधी कोरड्या ब्रशाने धूळ झाडावी, ओतीव अक्षरांवर खडू घासावा आणि फोटो काढून ठेवावा.

चिठ्ठीवर कंपनी, मॉडेल, इंच आणि काळ या क्रमाने लिहावे. मॉडेल सापडले नाही तर ‘बाजूचाकी, १२ इंची, नाव नाही’ एवढेच लिहावे. जाणकार गिऱ्हाईक अशा चिठ्ठीवर विश्वास ठेवते आणि पुढचा माल घ्यायला त्याच दुकानात येते.