इमिटोसच्या उतारावरची केसारियानी

अथेन्सच्या मध्यापासून पूर्वेला जेमतेम तीन किलोमीटरवर 1026 मीटर उंचीच्या इमिटोस डोंगराच्या उतारावर केसारियानी वसली आहे. 1922 पर्यंत इथे गाव नव्हतंच. वर अकराव्या शतकातला मठ, तिथे मेंढ्याच्या संगमरवरी तोंडातून पडणारं झऱ्याचं पाणी आणि रानफुलांवरच्या मधमाश्या, एवढंच. मठानं नाव दिलं. माणसं आली समुद्रापलीकडून.

त्या वर्षी आशिया मायनरमध्ये ग्रीक सैन्य हरलं, स्मिर्ना (आजचं इझमीर) जळालं आणि लोक नेसत्या कपड्यांनिशी जहाजांत चढले. 1923 च्या लोझान करारानं परतीचा रस्ताच बंद केला. सुमारे 12 लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, तर चारेक लाख मुस्लिम तुर्कस्तानात गेले. त्या वेळी ग्रीसची लोकसंख्या होती पन्नासेक लाख. सरकारनं निर्वासितांना शहराच्या कडेच्या मोकळ्या जागा दिल्या. केसारियानीत आधी तंबू पडले, मग लहान घरांच्या रांगा उठल्या. एका खोलीत अख्खं कुटुंब. दारापुढच्या हातभर जागेला चुना मारायचा आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात बेसिल लावायचं, एवढं मात्र कुणी सोडलं नाही.

अशा वस्तीत डावा विचार रुजला नसता तरच नवल. जर्मन अमलात ही वस्ती प्रतिकाराचा गड झाली. लोक तिला ‘छोटं स्टालिनग्राड’ म्हणत. इथल्याच नेमबाजीच्या मैदानात 1 मे 1944 रोजी हायदारी छावणीतल्या दोनशे कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या. लाकोनियात मारल्या गेलेल्या एका जर्मन जनरलचा तो सूड होता. त्या दोनशेंत नापोलेओन सुकात्सिदिस हा दुभाष्या होता. तोही मूळचा आशिया मायनरचा. त्याला सूट मिळत होती, पण त्याच्या जागी दुसरा कैदी उभा केला जाणार होता. त्यानं सूट नाकारली. 2015 मध्ये पंतप्रधानपदाची शपथ घेतल्याबरोबर अलेक्सिस त्सिप्रास इथेच फुलं वाहायला आले. केसारियानीच्या मुख्य रस्त्याचं नावही ‘राष्ट्रीय प्रतिकार’ असंच आहे.

युद्धानंतर उघडाबोडका झालेला डोंगर एका वनप्रेमी संस्थेनं झाडं लावून पुन्हा हिरवा केला. माझ्या मते या गावाची लोकसंख्या समजून घ्यायची तर आधी हे जंगल पाहावं. नगरपालिकेची हद्द आठेक चौरस किलोमीटर, पण तिचा मोठा भाग डोंगर आणि झाडी. उत्तरेला झोग्राफू, दक्षिणेला विरोनास, दोन्हीकडे घराला घर लागलेलं. पसरायला जागाच नाही. जुन्या खोल्या पाडून बहुमजली इमारती झाल्या, तरी गेल्या काही जनगणनांत आकडा 26 हजारांच्या आसपासच राहिला आहे.

आता मेट्रोच्या चौथ्या मार्गावर केसारियानीचं स्थानक बांधलं जातंय. मध्य अथेन्स काही मिनिटांवर आलं की घरभाडी चढतील. निर्वासितांच्या नातवंडांना आजोबांच्या गल्लीतलं भाडं परवडेल का, याची मला काळजी वाटते.