तीन वर्षांची पदवी अडीच वर्षांत मिळते का? परीक्षा देऊन क्रेडिट कमावण्याचं गणित

दहावी-बारावीचा १७ नंबरचा फॉर्म महाराष्ट्रात बहुतेकांना माहीत असतो. शाळेत न जाता, घरी अभ्यास करून, खासगी विद्यार्थी म्हणून थेट बोर्डाच्या परीक्षेला बसायचं. पास झालात तर प्रमाणपत्र हातात.

मग पदवीला असा १७ नंबरचा फॉर्म आहे का? एखादा विषय आधीच येत असेल, तर वर्षभर वर्गात न बसता फक्त परीक्षा देऊन तो विषय 'सुटला' असं म्हणता येईल का? आणि असे पाच-सहा विषय सोडवले, तर पदवी लवकर मिळेल का?

मावळातल्या सुदुंबरेसारख्या गावात या प्रश्नाला पैशाचीही बाजू आहे. संत संताजी जगनाडे महाराजांचं समाधिस्थान म्हणून हे गाव राज्यभर ओळखलं जातं. इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची पाचवी बटालियनही इथेच आहे. एका बाजूला तळेगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला चाकणची. बारावी झालेल्या मुलाला कंपनीत काम मिळू शकतं, पण पुढच्या पदांसाठी बऱ्याचदा पदवी मागतात. अशा घरात पदवीचे सहा महिने वाचले, तर एका सत्राची फी, बसभाडं वाचतं आणि सहा महिन्यांचा पगार लवकर सुरू होतो.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते पाहू

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी वर्षांत कमी आणि क्रेडिटमध्ये जास्त मोजली जाते. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं शिकणं. यात तास, प्रात्यक्षिकं, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी असं सगळं धरलेलं असतं. वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १,२०० तास.

महाराष्ट्र सरकारच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६. एका सत्रात २० ते २२ क्रेडिट. स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली.

हे क्रेडिट जमा होतात 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' म्हणजे एबीसीच्या खात्यात. २०२१ मध्ये सुरू झालेली ही बँक डिजिलॉकरशी जोडलेली आहे. नाव बँक असलं तरी इथे विद्यार्थ्याला स्वतः काही भरता येत नाही, संस्थाच क्रेडिट जमा करते. क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. एकदा एका पदवीसाठी वापरले की दुसऱ्या पदवीसाठी वापरता येत नाहीत. आणि ज्या संस्थेची पदवी हवी आहे, निदान ५० टक्के क्रेडिट तिथलेच असावे लागतात.

'फक्त परीक्षा द्या, क्रेडिट घ्या' ही कल्पना आली कुठून?

यातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं. 'कॉलेज बोर्ड' ही संस्था १९६७ पासून 'क्लेप' नावाच्या परीक्षा घेते. आज त्यात ३४ विषय आहेत. इतिहास, मानसशास्त्र, कॅल्क्युलस, अकाउंटिंग असे, बहुतेक पदवीच्या पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचे. दीड तासाची, मुख्यतः बहुपर्यायी परीक्षा. २० ते ८० च्या मापात ५० गुण मिळाले की बरीच महाविद्यालयं त्या विषयाचे साधारण तीन क्रेडिट देतात. विषय कुठे शिकलात, कोणी शिकवला, हे कोणी विचारत नाही. परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास. त्याच तीन क्रेडिटसाठी महाविद्यालयात मोजावी लागणारी फी बहुतेक ठिकाणी याच्या अनेक पट असते.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याचं भावंड जास्त ओळखीचं असेल: एपी परीक्षा. शाळेत असतानाच मुलं त्या देतात आणि चांगले गुण मिळाले तर महाविद्यालयात थोडे क्रेडिट गाठीला घेऊनच पाऊल ठेवतात. त्याच राज्यातलं थॉमस एडिसन स्टेट विद्यापीठ १९७२ मध्ये मुख्यतः नोकरदार प्रौढांसाठीच सुरू झालं. परीक्षेतून आणि कामाच्या अनुभवातून मिळवलेलं ज्ञान क्रेडिटमध्ये मोजणं हे त्याचं वैशिष्ट्य.

कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. १८५७ चं मुंबई विद्यापीठही लंडनच्याच नमुन्यावर उभं राहिलं. शिकवायचं काम महाविद्यालयांचं, विद्यापीठाचं काम परीक्षा घेऊन पदवी देण्याचं. आज परीक्षाकेंद्री व्यवस्थेला आपण नावं ठेवतो, पण तिचं मूळ इथे आहे.

मग आपल्याकडे असं काही आहे का?

क्लेपसारखी, सगळ्यांसाठी खुली आणि देशभर चालणारी परीक्षा आपल्या पदवी अभ्यासक्रमांत रुळलेली नाही. जवळ जाणारे मात्र तीन रस्ते आहेत.

पहिला, स्वयम् आणि एनपीटीईएल. स्वयम् हे केंद्र सरकारचं मंच ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालं. शिकणं फुकट, फक्त प्रमाणपत्राची परीक्षा हवी असेल तर फी, एनपीटीईएलच्या बाबतीत ती हजार रुपयांच्या घरात. परीक्षा घरी बसून नाही, केंद्रावर जाऊन द्यायची. १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम तीन क्रेडिटचा, आठ आठवड्यांचा दोनचा, चार आठवड्यांचा एकचा. अंतिम गुणांत २५ टक्के वाटा दर आठवड्याच्या असाइनमेंटचा आणि ७५ टक्के परीक्षेचा असतो. म्हणजे इथेही निव्वळ परीक्षा देऊन भागत नाही, असाइनमेंट वेळेवर भराव्याच लागतात. शेवटच्या आठवड्यात जागे होणाऱ्यांचं इथेच बिनसतं.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयम् वरून करता येतात. कागदावर हे फार मोठं आहे. पण कोणता ऑनलाइन अभ्यासक्रम कोणत्या विषयाच्या बदली चालेल, हे विद्यार्थी ठरवत नाही. ते विद्यापीठ किंवा स्वायत्त महाविद्यालय ठरवतं. त्यामुळे आधी कोर्स करून मग प्रमाणपत्र घेऊन ऑफिसात जाणं हा उलटा क्रम झाला. नाव नोंदवण्याआधी महाविद्यालयाच्या स्वयम् समन्वयकाला विचारायचं आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्यायचं.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. अभियांत्रिकीत असे २० जादा क्रेडिट मिळवले, तर एआयसीटीईच्या आराखड्याप्रमाणे पदवीवर 'ऑनर्स' लागते. चार वर्षं मात्र चारच राहतात. म्हणजे जास्त शिकलात तर शाबासकी मिळते, सुट्टी नाही.

लवकर सुटण्याचा खरा दरवाजा: एडीपी

दुसरा रस्ता यूजीसीने २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांतला, 'अॅक्सिलरेटेड डिग्री प्रोग्राम'चा. तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त एक सत्र आधी आणि चार वर्षांची जास्तीत जास्त दोन सत्रं आधी पूर्ण करता येते. अभ्यासक्रम तोच, एकूण क्रेडिट तेवढेच, सत्रं फक्त कमी. मंजूर जागांपैकी १० टक्क्यांपर्यंतच विद्यार्थ्यांना ही मुभा. संस्थेची समिती पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याची क्षमता पाहून निर्णय घेते, त्यानंतर हा पर्याय बंद. ज्यांना उलट जास्त वेळ हवा आहे, त्यांच्यासाठी दोन सत्रांपर्यंत मुदत वाढवण्याची सोयही याच नियमांत आहे.

पदवीला दर्जा नेहमीच्या पदवीचाच असतो. गुणपत्रिकेवर मात्र अभ्यासक्रम कमी काळात पूर्ण केल्याची नोंद येते.

आता गणित करून पाहू. समजा सुदुंबरेतली एक विद्यार्थिनी १२० क्रेडिटच्या बी.कॉम.ला आहे. पहिल्या दोन सत्रांत तिचे ४० क्रेडिट झाले. उरले ८०. नेहमीच्या गतीने ते चार सत्रांत, दर सत्राला २० असे होतात. एडीपी घेतलं तर ते तीन सत्रांत करायचे, म्हणजे सत्राला जवळपास २७. एका क्रेडिटला ३० तास धरले, तर सत्रात ६०० ऐवजी ८०० तास. सत्र १५ आठवड्यांचं असेल तर आठवड्याला ४० तासांचे ५३ तास होतात. रविवार सोडला तर रोज नऊ तास अभ्यास.

घरून व्यवस्थित जेवणाचा डबा मिळणाऱ्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलीला हे जमू शकेल. पण सहा महिने वाचवण्याची खरी गरज ज्याला आहे, तो बऱ्याचदा चाकणला शिफ्ट करून शिकत असतो. त्याच्याकडे रोज नऊ तास येणार कुठून? या योजनेतली सगळ्यात मोठी विसंगती हीच, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

आणखी एक प्रश्न वाचलेल्या सहा महिन्यांचा. पदवी डिसेंबरात हाती आली, पण एमबीएची सीईटी उन्हाळ्याच्या तोंडावर असते आणि वर्ग त्यानंतर कधीतरी भरतात. वर्षातून दोनदा प्रवेश द्यायला यूजीसीने परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. यूपीएससीला बसायचं तर वय किमान २१ हवं, घाईने शिकलेला विद्यार्थी तेव्हा कदाचित साडेवीस वर्षांचा असेल. लगेच नोकरीला लागायचं असेल, तरच त्या सहा महिन्यांचे पैसे होतात.

अनुभवाचे क्रेडिट मिळतात का?

तिसरा रस्ता पूर्वज्ञानाच्या मान्यतेचा, ज्याला सरकारी कागदांत 'आरपीएल' म्हणतात. काम करता करता जे शिकलात, ते तपासून त्याचे क्रेडिट द्यायचे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात आणि यूजीसीच्या २०२५ च्या नियमांत याला जागा आहे.

याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण अग्निवीरांचं आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यासाठी तीन वर्षांची खास पदवी जाहीर केली. निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे, उरलेले निम्मे इग्नूच्या अभ्यासक्रमांचे. अमेरिकेतही सैनिकांना क्लेपची फी सरकार भरतं.

सुदुंबरेतून पुरात, दरड कोसळल्यावर, इमारत पडल्यावर धावून जाणारे एनडीआरएफचे जवान केंद्रीय सशस्त्र दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. दोर, बोट, ढिगाऱ्यातला शोध, प्रथमोपचार यांचं त्यांचं प्रशिक्षण कोणत्याही आपत्ती व्यवस्थापनाच्या पदविकेपेक्षा कमी नाही. पण चाकणच्या सीएनसी ऑपरेटरला किंवा बचावाच्या बोटीवरच्या जवानाला आपला अनुभव क्रेडिटमध्ये मोजून घ्यायचा असेल, तर मूल्यमापनाची सोय असलेली संस्था आधी शोधावी लागते. नियम आला म्हणून जवळच्या महाविद्यालयात खिडकी उघडली, असं झालेलं नाही.

गंमत अशी की, 'वर्गात न बसता परीक्षा द्या' ही सोय आपल्या महाविद्यालयांत कित्येक वर्षांपासून आहे. तिचं नाव एटीकेटी. विषय राहिलेला विद्यार्थी पुन्हा तासाला बसत नाही, फक्त पेपर देतो आणि क्रेडिट मिळवतो. ज्याला विषय आला नाही त्याला ही मुभा आहे, ज्याला आधीच येतो त्याला नाही.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला?

मावळ-खेड भागात 'वेळ वाचवणारा' म्हणून हाच मार्ग सर्वाधिक सांगितला जातो. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा आणि मग इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. हिशेब केला तर दहावीनंतर ३ अधिक ३, सहा वर्षं. अकरावी-बारावी करून गेलात तर २ अधिक ४, तीही सहाच. वेळ वाचत नाही. फायदा वेगळा आहे: तिसऱ्या वर्षानंतर थांबावं लागलं, तरी हातात नोकरी मिळवून देणारा डिप्लोमा असतो. बारावी सायन्सच्या गुणपत्रिकेवर एकट्याने ते होत नाही.

'एका वर्षात ग्रॅज्युएट व्हा' या जाहिरातींचं काय?

बस थांब्यावर, रिक्षाच्या मागे, व्हॉट्सअॅपवर असे मजकूर फिरत असतात. 'क्रेडिट ट्रान्सफर'चं नाव घेतलं की त्यांना अधिकृत रंग येतो. वर दिलेला नियम इथे कामाला येतो: तीन वर्षांची पदवी अधिकृतरीत्या लवकर करायची झाली, तरी फार तर एक सत्र कमी होतं. अडीच वर्षांच्या खाली नाही. त्यामुळे बारावीनंतर शून्यापासून सुरू करून एका वर्षात पदवी देतो, असं कोणी म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावरची बनावट विद्यापीठांची यादी पाहावी. आणि क्रेडिट मिळाले असं कोणी सांगितलं, तर डिजिलॉकरमधून आपलं एबीसी खातं उघडावं. तिथे दिसत नसतील, तर ते क्रेडिट मिळालेले नाहीत.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तिथली पदवीही तीन वर्षांचीच, पण रोज वर्गात जायचं बंधन नाही. शिवाय यूजीसीने एप्रिल २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. एक नियमित आणि दुसरी दूरस्थ पद्धतीने घेतली, तर तीन वर्षांत दोन पदव्या होऊ शकतात.

ज्यांनी यंदा पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे आणि ज्यांना एडीपीचा विचार करायचा आहे, त्यांच्यासाठी महत्त्वाची तारीख दुसऱ्या सत्राच्या निकालाची. त्याआधी महाविद्यालयात दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: एडीपीसाठी समिती नेमली आहे का, आणि पुढच्या सत्रांचे जादा विषय वेळापत्रकात बसवले जातील का? समिती नसेल तर अर्ज कितीही वेळेत दिला, तरी तो पाहणार कोणी नसतं.