खर्च म्हणजे किंमत नव्हे

"घरात चाळीस लाख घातलेत साहेब, आणि तुमच्या माणसानं बावीस लिहिले!" गावच्या घरावर कर्ज काढायला गेलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पुढचंही पाठ झालंय: मूल्यांकन करणाऱ्याला चहापाणी मिळालं नसणार.

घर बांधायला किती लागले हा एक आकडा. ते आज विकायला काढलं तर कोणी किती देईल, हा दुसरा. बँकेला दुसऱ्याशीच देणंघेणं असतं, कारण हप्ते थकले तर तिला घर विकूनच वसुली करायची असते. गाडं अडतं ते इथे. गावठाणातलं घर घ्यायला बाहेरचा माणूस क्वचितच येतो. घेतलंच तर चुलतभाऊ नाहीतर शेजारी. पुण्यातल्या फ्लॅटसाठी त्याच इमारतीतले चार व्यवहार ताडून पाहता येतात. गावात दुय्यम निबंधकाकडची सूची २ काढली तर कित्येकदा एकदोन खरेदीखतं हाती लागतात, तीही भाऊबंदकीतली.

हिशेब करून बघू. समजा, १२०० चौरस फुटांचं, २० वर्षं जुनं आरसीसी घर आहे. आज तसंच बांधायला फुटाला १५०० रुपये धरले तर १८ लाख. इमारतीचं आयुष्य ६० वर्षं आणि अखेरीस उरणारी किंमत १० टक्के मानली, तर २० वर्षांची घट ३० टक्के; राहिले १२ लाख ६० हजार. खालची जागा २ गुंठे, म्हणजे २१७८ चौरस फूट. ३०० रुपयांच्या दरानं साडेसहा लाख. एकूण १९ लाखांच्या जरा वर. यात देवघराच्या ग्रॅनाइटचा आणि कोरीव सागवानी चौकटीचा वेगळा रकाना नाही, कारण त्या हौसेचे पैसे गावातलं गिऱ्हाईक वेगळे मोजत नाही.

मालक चौकट दाखवत असतो तेव्हा मूल्यांकन करणारा बहुधा मागची भिंत बघत असतो. तिथे चुलत्यांच्या तुळया आपल्या भिंतीत शिरलेल्या, परसाकडे जायची वाट दोन्ही घरांची सामाईक, आणि वाटणीपत्र नोंदलेलं नाही. असं घर घेणारा आधी शंभर प्रश्न विचारेल. ते सगळे प्रश्न किमतीतून वजा होतात.

राहिलं चहापाणी. मूल्यांकन करणाऱ्याचा त्या मालमत्तेत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. निर्देश आहेत म्हणून सगळे सोवळे, असा माझा दावा नाही. पण तारणातल्या लबाडीच्या बातम्या येतात त्या बहुतेक किंमत फुगवून कर्ज उचलल्याच्या. कमी किंमत लिहून कोणाचं उखळ पांढरं होणार, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

आता बाकीचे गैरसमज, पटापट.

"ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव आहे, म्हणजे मालकी माझी." ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तलाठ्याचा ८अ हा आणखी वेगळा कागद. दोन्हींची गल्लत रोज होते.

"रेडीरेकनरचा दर तोच बाजारभाव." तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. भूसंपादनाच्या मोबदल्याचा प्रश्न आला तेव्हा, जवाजी नागनाथम प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये असे तक्ते बाजारभावाचा पुरावा मानायला नकार दिला.

"किंमत तीस लाख लागली, म्हणजे कर्जही तीस लाख." ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. फेडायची ऐपत बँक वेगळी तपासते.

"स्वामित्व योजनेचं प्रॉपर्टी कार्ड मिळालं, आता किंमत वाढणार." २०२० साली सुरू झालेल्या या योजनेत ड्रोननं गावठाण मोजून मिळकत पत्रिका देतात. कागदाचा घोळ मिटला तर बँक फाईल उघडते, हा फायदा मोठाच. गिऱ्हाईक मात्र कार्ड आणून देत नाही.

"शेतातल्या बंगल्यावर सहज कर्ज मिळेल, जागा तर स्वतःचीच." जमीन शेतीची असेल तर सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मधली सूट आड येते: शेतजमिनीच्या तारणाला तो कायदा लागूच होत नाही, त्यामुळे कोर्टात न जाता जप्ती करायची सोय बँकेला उरत नाही. शिवाय महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणजे आधीच थोडी असलेली गिऱ्हाइकं आणखी घटली. बंगल्याखालची जागा रीतसर अकृषिक करून घेतली असेल, तरच बोलणं पुढे सरकतं.