अनोळखी माणूस आणि मुलांची पारख

भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत, जळगाव सुटल्यावर, समोरच्या बाकावरील तीन-साडेतीन वर्षांच्या एका मुलीने हातातले केळे अर्धे मोडून शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यापुढे धरले; परंतु हात पुढे करण्याआधी तिने मान वळवून आईचा चेहरा न्याहाळला आणि आई हसली तेव्हाच तो हात पुढे झाला. "काय नाव शे वं माय तुनं?" म्हाताऱ्याने विचारले.

मुले अजाण असतात म्हणून कोणालाही बिलगतात, हा आपला समज किती अपुरा आहे हे त्या एका दृष्टिक्षेपात दिसले. सहा-आठ महिन्यांचे मूल परक्या मांडीवर रडू लागते, म्हणजे आपपरभावाची जाणीव त्याला लवकरच येते. दहा महिन्यांच्या बालकांविषयी फाइनमन आणि लुईस या संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, आई पाहुण्याविषयी बाळापाशी प्रसन्नपणे बोलली, तर बाळ त्या पाहुण्याशी अधिक स्नेहाने वागते. आणि सलगी तर दूरच, नुसत्या साहाय्याचे पाहा: वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांच्या २००६ सालच्या प्रयोगात अपरिचित माणसाच्या हातून पडलेला कपड्यांचा चिमटा उचलून देण्यासारख्या कामांत, दीड वर्षाच्या २४ मुलांपैकी २२ जणांनी निदान एकदा तरी आपण होऊन मदत केली. बक्षीस नव्हते, शाबासकीही नव्हती.

दुसरा समज अधिक घातक. मुलांना धोका परक्यांकडूनच, असे आपण धरून चालतो. वास्तविक बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या सरकारी नोंदींत दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांतील आरोपी हा मुलाच्या ओळखीचाच असतो. नातलग, शेजारी, घरी येणारा-जाणारा. तेव्हा मुलाला शिकवायचे ते हे की, नको असलेल्या स्पर्शाला, मग तो कोणाचाही असो, नकार द्यावा, घरी सांगावे आणि प्रसंगी १०९८ या क्रमांकावर मदत मागावी.

या चुकीच्या समजाची किंमत आपल्याच धुळे जिल्ह्याने पाहिली आहे, आणि ती आठवताना आजही मन सुन्न होते. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा आठवडे बाजार. भिक्षेवर गुजराण करणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच पसरल्या होत्या. त्या पाच जणांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि त्यावरून संशय बळावला, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. ग्रामपंचायतीच्या कचेरीत जमावाने त्या पाचही जणांना ठार मारले. मुलांच्या रक्षणाच्या नावाखाली हे घडले. खातरजमा करण्याइतका धीर मात्र त्या जमावापाशी नव्हता.

धरणगाव मागे पडले तेव्हा मुलीचे केळे संपले होते. तिच्या आईने पदर सावरीत म्हाताऱ्याला विचारले, "कोणत्या गावचे, बाबा, तुम्ही?" अमळनेर येईपर्यंत लेकीचे सासर, कापसाचा भाव आणि लांबलेला पाऊस यांविषयी दोघांचे बोलणे चालू राहिले, आणि ती मुलगी मध्येच उठून, आता आईकडे न पाहता, म्हाताऱ्याच्या मांडीला टेकून बसली.