ख्रिस्ती उपासना

मुलांनो, आपण जिला इबादत म्हणतो, तिला मराठीत उपासना म्हणतात. साताऱ्यात किंवा मिरजेत रविवारी चर्चवरून गेलात, तर गाण्याचे सूर ऐकू येतील. हे लोक उपासना का करतात?

पहिले कारण तुम्हांला ओळखीचे वाटेल: देवाने आपल्याला निर्माण केले. पण ख्रिस्ती लोक अधिक भर देतात तो प्रेमावर. देवाला ते पिता म्हणतात. माणूस चुकला तरी देवाने येशूला पाठवून त्याच्यावर आधी प्रेम केले, अशी त्यांची श्रद्धा आहे. उपासना ही त्याबद्दलची कृतज्ञता. (येशू म्हणजे हजरत ईसा. ख्रिस्ती लोक त्यांना देवाचा पुत्र मानतात, आपण पैगंबर मानतो. हा फरक लहान नाही.)

कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. अभंग आणि कीर्तन या आपल्याकडच्या रीतीने त्यांनी ही भक्ती गायिली. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. दरबार हा शब्द तर तुमच्या भाषेतलाच! बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती.

शेजाऱ्यावर प्रेम करा, ही येशूची शिकवण. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उघडले. आजाऱ्याची सेवा हीदेखील ख्रिस्ती लोक उपासनाच मानतात.